रॉक्सॅनचा ठेका कोणाचा? स्ट्युअर्ट कोपलंड आणि ड्रमरच्या वाट्याचा प्रश्न

उलटा_ठेका

२०२५ मध्ये 'द पोलीस' या रॉक बँडचा ड्रमर स्ट्युअर्ट कोपलंड आणि गिटारवादक अँडी समर्स यांनी आपल्या जुन्या साथीदारावर, गायक आणि गीतकार स्टिंगवर, लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. भांडण रॉयल्टीचं. ज्याचं गाणं असेल त्याने उत्पन्नातला ठरलेला हिस्सा बाकीच्या दोघांना अरेंजर, म्हणजे गाण्याचा साज बसवणारे, म्हणून द्यायचा, असं बँडच्या सुरुवातीलाच ठरलं होतं. आता गाणी स्ट्रीमिंगवर ऐकली जातात. तो पैसा या करारात धरायचा की नाही, हा वाद. कोर्टाचं कोर्ट बघेल. मला त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न इथे मांडायचा आहे. ड्रमर गाणं नुसतं वाजवतो, की गाणं रचण्यातही त्याचा हात असतो?

माझं मत स्पष्ट आहे: कोपलंडसारखा ड्रमर गाणं रचतो.

१९७८ चं 'रॉक्सॅन' घ्या. स्टिंगने ते आणलं तेव्हा बोसा नोव्हाच्या अंगाने जाणारं होतं, ब्राझीलकडचं, मऊ. त्याला टँगोचा झोक देण्याची सूचना कोपलंडची, आणि हे श्रेय खुद्द स्टिंगने दिलेलं आहे. आता ते गाणं मनात आणा. शब्दांच्या आधी काय आठवतं? ती अडून अडून पडणारी पावलं.

ही चाल त्याच्या अंगात कुठून आली? जन्म १९५२ चा, अमेरिकेत व्हर्जिनियात, पण बालपण गेलं कैरो आणि बैरुतमध्ये. वडील सीआयएत, आई पुरातत्त्वज्ञ. तिथले अरबी ठेके ऐकत तो मोठा झाला. साध्या रॉकमध्ये चार मात्रांपैकी किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकवर आणि तीनवर, स्नेअर (काडीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) दोनवर आणि चारवर. रेगे या जमैकाच्या संगीतातल्या 'वन ड्रॉप' ठेक्यामध्ये एक ही मात्रा मोकळी सोडतात आणि सगळं वजन तीनवर टाकतात. लंडनमधल्या गोऱ्या पोरांना हे घोटून शिकावं लागत होतं. कोपलंडच्या कानाला ते लहानपणापासून ओळखीचं होतं.

'वॉकिंग ऑन द मून' हेडफोन लावून ऐका आणि फक्त हाय-हॅटवर लक्ष ठेवा. दोन झांजा जेमतेम मिटलेल्या, त्यांवर काडीच्या टोकाने बारीक नक्षी, मध्येच झांज किंचित उघडते आणि लगेच मिटते. स्नेअरच्या कडीवर आडवी काडी पडते, तो ठोका एकोच्या यंत्रातून परत येतो आणि हा माणूस त्या परत आलेल्या ठोक्याला धरून पुढचा ठोका टाकतो. चंद्रावर चालल्यासारखं वाटतं ते या मोकळ्या जागेमुळे. शब्दांत ते नंतर येतं.

आणि पीटर गॅब्रिएलचं १९८६ चं 'रेड रेन'. त्यात ड्रम जेरी मरोटाचे आहेत. कोपलंडचं आहे ते फक्त हाय-हॅट. एका गाण्यात एवढ्याशा कामासाठी एखाद्याला बोलावतात, तेव्हा त्या माणसाची सही हवी असते.

---

चालकार

पूर्ण असहमत, आणि कोपलंड मला मनापासून आवडतो हे आधी सांगून.

गाणं म्हणजे शब्द आणि चाल. बाकी सगळा साज. कसोटी सोपी आहे: साज काढा, गाणं उरतं का बघा. सप्टेंबर १९८१ मध्ये लंडनला अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात स्टिंगने एकट्याने गिटारवर 'रॉक्सॅन' आणि 'मेसेज इन अ बॉटल' म्हटली. ड्रम नाहीत, समर्स नाही. गाणी जशीच्या तशी उभी राहिली. आता उलट करा. नुसता हाय-हॅट वाजवा आणि सांगा कोणतं गाणं ते.

दुसरं म्हणजे कोपलंड स्वतः गाणी लिहीत होताच. १९७८ मध्ये 'क्लार्क केंट' या टोपणनावाने, तोंडावर मुखवटा चढवून, सगळी वाद्यं स्वतः वाजवून त्याने 'डोन्ट केअर' काढलं. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते ४८ व्या क्रमांकापर्यंत गेलं. पोलीसच्या अल्बमवरही त्याची गाणी आहेत. लोकांनी डोक्यावर घेतली ती स्टिंगची. हे कुणाला कमी लेखायला म्हणत नाही. चाल सुचणं ही वेगळी देणगी आहे, आणि तिचा मान वेगळा राहिला पाहिजे.

---

काळं_जॅकेट

तुमच्या भांडणात मी तिसराच मुद्दा काढते. कोपलंडला 'पंक ड्रमर' म्हणू नका. पंक म्हणजे सत्तरीतलं ते वेगवान, ओबडधोबड, बंडखोर रॉक.

पोलीसच्या आधी तो कर्व्हड एअर या बँडमध्ये होता, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये, लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या जगात. त्याचा भाऊ माइल्स मॅनेजर. समर्स १९४२ चा, म्हणजे लंडनच्या पंक पोरांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. आणि तिघांचे ते सोनेरी केस? च्युइंगगमच्या जाहिरातीसाठी रंगवलेले. पंकची लाट आली म्हणून हे तिच्यावर चढले.

ड्रमरने गाणं रचलं याचं उदाहरण हवं असेल तर द क्लॅश या पंक बँडच्या टॉपर हेडनचं घ्या. 'रॉक द कॅस्बा'चा पियानो त्याचा, बेस त्याचा, ड्रम त्याचे. सगळं संगीत एकट्याचं, वर गायक जो स्ट्रमरने शब्द बसवले. गाणं १९८२ मध्ये बाहेर आलं तोवर हेरॉइनपायी हेडन बँडबाहेर गेलेला होता. व्हिडिओत ड्रमवर दिसतो तो टेरी चाइम्स. आपलं गाणं जगभर वाजतंय आणि पडद्यावर आपल्या जागी दुसरा बसलाय. हा व्हिडिओ मी आजही शेवटपर्यंत बघू शकत नाही.

धागा ड्रमरच्या हक्कावर असेल तर सुरुवात इथून व्हायला हवी होती.

---

उलटा_ठेका

काळं_जॅकेट ताई, हेडनचं उदाहरण मीच द्यायला हवं होतं, चूक मान्य. पण पंकबद्दल नाही पटत. बँडचं पहिलं गाणं 'फॉल आउट', १९७७, कोपलंडने लिहिलेलं, कमी पैशांत केलेलं, भावंडांच्या स्वतःच्या 'इलीगल रेकॉर्ड्स'वर काढलेलं. तेव्हा समर्स आलाही नव्हता, गिटारवर आँरी पादोवानी होता. ऐकून बघा. त्यात रेगे औषधालाही नाही, नुसती धावाधाव आहे. जाहिरात नंतरची.

चालकार, तुमच्या कसोटीत एक गोम आहे. १९८१ मध्ये स्टिंग एकटा गायला तेव्हा समोरच्यांच्या कानात रेकॉर्ड आधीच वाजत होती. ड्रम त्यांनी मनातून भरून घेतले.

---

रूपक_सात

मी तबला शिकवतो. तुम्हा दोघांचाही राग येणार नाही अशा बेताने लिहितो.

एकावर काही न वाजवणं आपल्याला नवं नाही. रूपकात समेवरच खाली येते. सात मात्रांचा ताल आणि सुरुवातीलाच डग्ग्याचा हात उचललेला. नव्या विद्यार्थ्याला तिथे पाय सटकल्यासारखं होतं, कारण जिथे वजन हवं तिथे वजन नाही. कोपलंड ऐकताना मला हेच होतं आणि म्हणूनच तो आवडतो.

पण हक्काचा मुद्दा निघाला म्हणून विचारतो. त्रितालाचा मालक कोण? कोणी नाही. मग वन ड्रॉपचा मालक कोपलंड कसा? तो ठेका जमैकाच्या वादकांनी घडवला. बॉब मार्लीच्या वेलर्समधल्या कार्लटन बॅरेटने तो जगाच्या कानात बसवला. पोलीसच्या दुसऱ्या अल्बमचं नाव 'रेगाटा द ब्लांक' आहे, मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये 'गोरा रेगे'. म्हणजे उसनवारी त्यांनी मुखपृष्ठावरच कबूल केली. कोपलंडला स्टिंगच्या पैशात वाटा हवा असेल तर बॅरेटने कोणाच्या दारात जायचं?

---

उलटा_ठेका

रूपक_सात, हा प्रश्न लागला. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही ते यासाठीच.

एवढंच म्हणेन. ठेका सगळ्यांचा, हे खरं. पण त्रितालात दोन तबलजी एकच बंदिश वेगळी उभी करतात, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. कोपलंडने बॅरेटचा ठेका जसाच्या तसा उचलला नाही. त्याने तो जवळजवळ दुप्पट लयीत पळवला, वर पंकची घाई घातली, मधल्या फटींत छोट्या स्प्लॅश झांजांचे शिंतोडे उडवले. हे मिश्रण जमैकात नव्हतं आणि लंडनमध्येही नव्हतं. 'रेगाटा द ब्लांक' ही शब्दांविना धून तिघांच्या नावावर आहे आणि तिला ग्रॅमी मिळालं. म्हणजे शब्द नसले की तिघं रचनाकार, शब्द आले की एकच? हा हिशेब मला लागत नाही.

बॅरेटचं देणं मात्र राहतंच. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

धोबीतलाव

मार्च १९८०. रंगभवन. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, समोरच्याच कॉलेजात. पोलीस मुंबईत वाजवून गेले, आणि टाइम अँड टॅलेंट्स क्लब नावाच्या महिलांच्या संस्थेने तो कार्यक्रम ठेवला होता. परदेशी रॉक बँड प्रत्यक्ष बघायला मिळणं ही त्या काळात केवढी गोष्ट होती, हे आज समजावणं अवघड आहे. आमच्याकडे त्यांची एकही रेकॉर्ड नव्हती. गाणी ओळखीची नव्हती, शब्द निम्मे कळत नव्हते.

चालकार, म्हणून माझी साक्ष कामाची आहे. माझ्या कानात आधी काहीच वाजत नव्हतं. त्या रात्री घरी चालत जाताना आमच्या टोळक्यातला एकही जण चाल गुणगुणत नव्हता. सगळे जण हाताने मांडीवर काहीतरी वाजवत होते, आणि 'एक' कुठे आहे यावर चर्नी रोडपर्यंत भांडण चाललं होतं.

रंगभवन पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात बंद पडलं. त्या रस्त्याने जाताना आजही मान तिकडे वळते.

---

चालकार

धोबीतलावकाका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. त्या रात्रीबद्दल हेवा वाटतो.

तरी माझा सगळ्यात मोठा मुद्दा अजून बाकी आहे: 'एव्हरी ब्रेथ यू टेक'. १९८३, अमेरिकेत सलग आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर. कॅरिबियनमधल्या माँटसेरात बेटावर त्याचं रेकॉर्डिंग चालू असताना स्टिंग आणि कोपलंडची कडाक्याची भांडणं झाली, कारण स्टिंगला एकदम साधा, सरळ ठेका हवा होता. आणि तसाच तो झाला. नक्षी नाही, उलटा ठोका नाही. बँडचं सर्वांत यशस्वी गाणं, आणि त्यात कोपलंडचं कोपलंडपण सर्वांत कमी. याला तुम्ही काय म्हणाल?

---

उलटा_ठेका

म्हणेन की त्या गाण्याला ओळख दिली समर्सच्या गिटारने, आणि तीही स्टिंगने लिहून दिलेली नव्हती. १९९७ मध्ये रॅपर पफ डॅडीने 'आय विल बी मिसिंग यू'मध्ये तीच गिटार उचलली. गीतकार म्हणून रॉयल्टी स्टिंगला गेली. ज्याच्या बोटांतून ते निघालं त्याचं नाव गीतकारांत नाही. मला जे म्हणायचंय ते यात सगळं आलं.

आणि १९८६ विसरू नका. तिघं जुनी गाणी नव्याने करायला जमले. त्याआधी कोपलंड घोड्यावरून पडला, गळपट्टीचं हाड मोडलं, ड्रम वाजवणं अशक्य झालं. मग यंत्रावर ताल बसवून 'डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी' पुन्हा केलं. तोच गायक, तेच शब्द. मूळ गाणं १९८० मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. नव्याला त्याच्या जवळपासही जाता आलं नाही. तुमची कसोटी इथे आपोआप झाली: कोपलंड काढला आणि काय उरलं ते सगळ्यांनी ऐकलं.

त्याची पुढची कामंही बघा. दिग्दर्शक कोपोलाने 'रंबल फिश' या चित्रपटासाठी (१९८३) त्याला तालासाठी म्हणून घेतलं आणि शेवटी चित्रपटाचं संगीतच त्याच्याकडे गेलं. घड्याळाची टिकटिक आणि रस्त्यावरचे आवाज हेच त्याने ठेके केले. स्टॅन्ली क्लार्कबरोबर 'अॅनिमल लॉजिक' हा बँड, लेस क्लेपूल आणि ट्रे अनस्तासिओबरोबर 'ऑयस्टरहेड' हा बँड, ऑपेरा, 'स्पायरो' या व्हिडिओ गेमचं संगीत. बंगळुरूच्या रिकी केजबरोबर केलेल्या 'डिव्हाइन टाइड्स' या अल्बमला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. नुसता साज चढवणाऱ्याची ही वाटचाल नाही.

---

मडगांवचो

आमच्या गोंयचं एक नाव या धाग्यात यायलाच हवं. दत्ताराम वाडकर. शंकर-जयकिशनचे साहाय्यक, ढोलकवर असा हात की त्या चालीला आजही वादक 'दत्ताराम ठेका' म्हणतात. माणसाचं नाव ठेक्याला लागलं, यापेक्षा मोठी पावती नाही. पण ज्या गाण्यांत तो ठेका आहे त्यांवर संगीतकार म्हणून नाव दोघांचंच. तीच गत सेबास्टियन डिसोझांची. त्यांनी अरेंज केलेली गाणी देशाला पाठ आहेत, त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

कोपलंड आणि समर्स यांच्याकडे निदान 'अरेंजरचा हिस्सा' असं म्हणणारा करार होता. आमच्या लोकांना दिवसाचे पैसे मिळायचे. मी कोपलंडच्या बाजूने आहे, आणि का, ते एवढ्यावरून कळावं.

---

चालकार

काल रात्री प्रयोग केला. 'रॉक्सॅन' गिटारवर बोसा नोव्हात बसवलं, जसं ते सुरुवातीला असावं तसं, आणि मुलीला ऐकवलं. तिला मूळ गाणं चांगलं माहीत आहे. पहिल्या कडव्यात मी मुद्दाम शब्द न घेता नुसती चाल गुणगुणली. तिने ओळखलं नाही. 'रॉक्सॅन' हा शब्द आला तेव्हा ओळखलं. मग 'मेसेज इन अ बॉटल' नुसतं गिटारवर वाजवलं, ते दुसऱ्या सेकंदाला ओळखलं.

माझं मत बदललेलं नाही. पण पहिल्या गाण्याला ती गप्प बसून होती, हे प्रामाणिकपणे इथे लिहिणं भाग आहे.

---

रूपक_सात

रेकॉर्डिंग असेल तर टाका. मी त्यावर रूपक धरून बघतो.