सल्ला हवा: पडीक अलॉटमेंट प्लॉट गटाने, सेंद्रिय पद्धतीने लागवडीखाली कसे आणावेत?

कोथिंबीरजुडी
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात राहते. आमच्या गावच्या अलॉटमेंटच्या एका कोपऱ्यात लागूनलागून चार प्लॉट कित्येक वर्षं पडून आहेत. (भारतातल्या वाचकांसाठी: अलॉटमेंट म्हणजे घरापुरती भाजी-फळं पिकवायला कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, वर्षाच्या भाड्याने देते तो जमिनीचा तुकडा. पूर्ण प्लॉट दहा रॉडचा, साधारण २५० चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे.) जाळी एवढी माजलीय की एकटंदुकटं कुणी घ्यायला धजत नाही. कौन्सिल म्हणतं, गट करून घेत असाल तर चारही घ्या. आम्ही आठ घरं तयार आहोत. निम्म्यांनी आजवर कुंडीपलीकडे काही लावलेलं नाही.

डोक्याइतकी उंच ब्लॅकबेरीची काटेरी जाळी, खाली हरळीसारखं काउच गवत, त्यात पांढऱ्या फुलांची बाइंडवीडची वेल आणि एक कोसळलेली शेड, असा ऐवज आहे. रसायन वापरायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. रोटाव्हेटर भाड्याने आणून एका शनिवार-रविवारात उरकावं का? खत कुठलं घालावं? आणि आठ घरांत काम नि भाजी कशी वाटून घ्यायची? अनुभवी लोकांनी हात मोकळा सोडून लिहा.

बांधावरची
रोटाव्हेटर अजिबात नको. दोन दिवस रान मस्त भुसभुशीत दिसेल. पण काउच आणि बाइंडवीड मुळाच्या बोटभर तुकड्यातूनही फुटतात. यंत्राने एका मुळाचे पन्नास तुकडे केले की तुम्ही पन्नास रोपं लावली म्हणून समजा.

त्याही आधी एक फेरी मारा, हातात कुदळ न घेता. शेडवर नालीदार सिमेंटचे जुने पत्रे असतील तर हात लावू नका, फोडू तर मुळीच नका. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ साली आली, त्यामुळे जुन्या शेडच्या पत्र्यांत ते असू शकतं. फोटो काढून कौन्सिलला पाठवा आणि ते कोण उचलणार हे ताबा घेण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्या. कुणी शेकोट्या पेटवत असे तिथली काळी माती, गंजके डबे, काचा, हेही बघून ठेवा. रंगवलेलं लाकूड वर्षानुवर्षं जाळलेल्या जागी मातीत शिसं उतरलेलं असू शकतं. तिथे पालेभाजी नको, कंपोस्टचे कप्पे ठेवा.

आता ऑक्टोबर आहे, वेळ उत्तम आहे. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात आणि वापरातलं घरटं मोडणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. जाळी वरून खाली, टप्प्याटप्प्याने कापा. तळाशी साळिंदरासारखा छोटा हेजहॉग किंवा स्लो-वर्म (दिसतो साप, असतो बिनपायांचा सरडा) निघू शकतो. त्यांच्यासाठी कुंपणाकडेला काटक्यांचा एक ढीग राहू द्या. गोगलगाय खाणारे हेच, तुमच्या फुकटच्या मजुरांची सोय होईल.

ब्लॅकबेरी कापून भागत नाही. जमिनीलगत जो गड्डा असतो, मुठीएवढा, तांबूस कोंबांचा, तो खणून काढावा लागतो. तो निघाला की बारीक मुळं राहिली तरी चालतात. बाइंडवीडचं मूळ पांढरंशुभ्र, शेवयांसारखं असतं आणि ओढलं की कट्‌कन तुटतं. म्हणून फोर्कने माती सैल करून हाताने माग काढत जायचं. ही मुळं कंपोस्टात टाकू नका. झाकणाच्या बादलीत पाण्याखाली महिनाभर बुडवा, पार सडली की मगच ढिगावर. वास येतो, बादली लांब ठेवा!

सरळबोट
एवढी उठाठेव कशाला? पहिल्यांदा एकदाच ग्लायफोसेट हे तणनाशक मारा, जाळी मरू द्या, मग खुशाल सेंद्रिय व्हा. बरेच जण तसंच करतात, बोलत नाहीत एवढंच.

बांधावरची
सरळबोट, मेहनत वाचते हे खरं आहे. पण एका फवारणीत बाइंडवीड मरत नाही आणि हॉर्सटेल नावाचं चिवट तण असलं तर ते दाद देत नाही, म्हणजे दुसरी आली, तिसरी आली. शिवाय ही आठ घरं ज्या एका गोष्टीवर एकत्र आली तीच पहिल्या आठवड्यात मोडायची?

कोथिंबीरजुडीताई, चारही प्लॉट एकदम साफ करायला घेऊ नका, हा माझा मुख्य सल्ला. गटांचं नेहमीचं दुखणं असं की मार्चमध्ये सगळे येतात आणि जुलैत, नेमकं तण जोरात असताना, अर्धे सुटीवर असतात. म्हणून जुलैत हमखास येणारे हात किती ते मोजा आणि तेवढ्यांना झेपेल तेवढंच उघडा. तुमच्या बाबतीत पहिल्या वर्षी एक प्लॉट, फार तर दीड.

बाकीचं झाकून टाका. गवत कापून तिथेच पसरा, वर जाड काळी सायलेज शीट (चारा झाकायचं प्लास्टिक) घाला, कडा मातीत पुरा किंवा विटा ठेवा. काउच गवत एका पूर्ण हंगामात बरंच खचतं, बाइंडवीडला दोन लागतात. मे महिन्यात शीटला फुलीसारख्या चिरा देऊन भोपळे, झुकिनी लावा, म्हणजे झाकलेली जागाही पीक देईल. जुना गालिचा कुणी देऊ केला तरी घेऊ नका, बऱ्याच ठिकाणी नियमाने बंदी आहे आणि कुजल्यावर त्याचे धागे वेचता वेचता जीव जातो.

उघडलेल्या भागात पुठ्ठा आणि वर १०-१५ सेंटिमीटर कंपोस्ट. पुठ्ठ्याच्या कडा वीतभर एकावर एक, आणि आधी चिंब भिजवून घ्या. आणि हो, ‘पहिल्या वर्षी बटाटे लावा, ते जमीन साफ करतात’ असं कुणीतरी सांगेलच. साफ बटाटे करत नाहीत, ते लावताना-काढताना खणणारा माणूस करतो.

लीदवाला
खताबद्दल. जवळपास घोड्यांचा तबेला असेल तर लीद फुकट मिळेल, पण आंधळेपणाने घेऊ नका. अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक कुरणावर मारतात. गवतातून ते घोड्याच्या पोटात जातं आणि न बदलता लिदीतून बाहेर पडतं. २००८ साली ब्रिटनभर अलॉटमेंटवाल्यांचे टोमॅटो, बटाटे, शेंगा यामुळे वाकडेतिकडे झाले होते. तुम्ही एक थेंब फवारला नाही तरी खतातून ते तुमच्या वाफ्यात येणार.

तबेलेवाल्याला विचारा, पण त्याच्यावर विसंबू नका. तो गवत बाहेरून विकत आणत असेल तर त्यालाही ठाऊक नसतं. सरळ चाचणी घ्या. लीद आणि बाजारचं कंपोस्ट निम्मं-निम्मं मिसळून काही कुंड्या भरा, काही कुंड्यांत नुसतं कंपोस्ट. सगळ्यांत ब्रॉड बीन्स (एक शेंगभाजी) पेरा. कुंड्यांखाली वेगवेगळ्या ताटल्या ठेवा, नाहीतर पाणी इकडचं तिकडे जाऊन चाचणी फसते. तीनचार आठवड्यांनी लिदीच्या कुंड्यांतली पानं वाटीसारखी आत वळलेली, शेंडे नेच्यासारखे गुंडाळलेले दिसले तर तो ढीग नाकारायचा. ऑक्टोबरात हे घरात खिडकीशी करता येईल.

नांगरट
मी सांगलीकडचा. आमच्याकडे जीवामृत करतात: शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर बांधावरची माती, २०० लिटर पाण्यात. एकरी तेवढं पुरतं. तिकडे जमेल का?

लीदवाला
नांगरटदादा, गोमूत्र कुठून आणणार! इथे त्या जागी कॉम्फ्रे (मोठ्या पानांची एक वनस्पती) आणि खाजरं नेटल. नेटल त्या जाळीत असेलच, आणि ती जोमात असली म्हणजे माती कसदार आहे. पानं पाण्यात दोन आठवडे कुजवा, गाळून दहापट पाण्यात घाला. कॉम्फ्रे घ्याल तर ‘बॉकिंग १४’ हीच जात मागा, तिचं बी धरत नाही म्हणून ती पसरत नाही. लॉरेन्स हिल्स यांनी एसेक्समधल्या बॉकिंग गावी निवडलेली ही जात. त्यांनीच काढलेली सेंद्रिय बागकामाची संस्था आज गार्डन ऑरगॅनिक म्हणून ओळखली जाते. फक्त जागा विचार करून ठरवा, एकदा लावलेली कॉम्फ्रे तिथून हलत नाही.

जमाखर्च
माती सुधारेल हो, कागद आधी बघा. कौन्सिलला पहिला प्रश्न: ही जागा ‘स्टॅट्युटरी’ (कायद्याने राखलेली) अलॉटमेंट आहे की ‘टेम्पररी’ (तात्पुरती)? स्टॅट्युटरी असेल तर १९२५ च्या कायद्याने मंत्र्यांच्या संमतीशिवाय ती विकता किंवा दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. टेम्पररीला ते संरक्षण नाही. कॉम्फ्रे नि फळझाडं लावण्याआधी हे कळलेलं बरं.

भाडेकरार कुणा एकाच्या नावावर नको, तो गाव सोडून गेला की सगळं लटकतं. दोन पानी घटना लिहा, गटाच्या नावाने खातं उघडा, दोन सह्या ठेवा, सार्वजनिक दायित्वाचा विमा घ्या. आणि पहिल्या वर्षी किती भागात लागवड हवी, हे कराराच्या अटींत नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी लागवड न केल्यास नोटीस येते. झाकलेली जमीनही कामात धरली जाईल, असं लिहून मागा.

भाजीवाटप: कुणी किती तास राबलं त्याची वही ठेवू नका, भांडणं तिथूनच सुरू होतात. प्रत्येक घराला एक स्वतःचा वाफा आणि बाकीचं सामायिक. सामायिकातली भाजी कामाच्या दिवशी, हजर असतील त्यांनी वाटून घ्यायची. विक्रीचा विचार तूर्त सोडा, अलॉटमेंट मुळात घरच्या खाण्यासाठी असते. ‘ऑरगॅनिक’ म्हणून विकायचं तर प्रमाणपत्र लागतं, तो तर वेगळाच व्याप.

कोथिंबीरजुडी
सगळ्यांचे आभार. गटात वाचून दाखवलं. एक प्लॉट उघडायचा, तीन झाकायचे असं ठरतंय. दोघं नाराज आहेत, त्यांना चारही हवे होते, पण ‘जुलैत कोण कोण आहे?’ विचारल्यावर त्यांचेच हात खाली राहिले! पत्र्यांचे फोटो कौन्सिलला गेले. आता एवढा पुठ्ठा आणायचा कुठून?

बांधावरची
सायकलच्या दुकानात विचारा. सायकलची खोकी लांबरुंद असतात, सांधे कमी येतात आणि दुकानदारालाही अडचणच असते. त्यांना तांबूस मोठ्या पिना मारलेल्या असतात, त्या पक्कडीने आधी काढा. चिकटपट्टी सोला आणि चकचकीत छपाईचे बाजूला टाका.