मदत हवी आहे: सोलापुरात धाकट्या भावाला अटक झाली, उद्या रविवारी काय करायचं?

नमस्कार. रात्रीचे साडेअकरा झालेत, घाईत लिहितेय. मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आज संध्याकाळी सातच्या सुमारास माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी घरातून नेलं. आम्ही पूर्वभागात राहतो. भाऊ चोवीस वर्षांचा आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतो. आई विड्या वळते. आजवर आमच्या घरातल्या कुणी पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नव्हती.

भांडण पाण्यावरून झालं. इथं चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं आणि त्या दिवशी गल्लीत कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. शेजाऱ्यांनी नळाला मोटर लावली, आमची धार बंद झाली. भाऊ पाना घेऊन त्यांची मोटर सोडवायला गेला. त्यांच्या मुलाने त्याला ढकललं, याने हातातला पाना मारला. मुलाच्या कपाळाला चार टाके पडले, सिव्हिलमधून त्याला लगेच घरी सोडलं. भावाने मारलं हे खरं आहे, मी ते लपवणार नाही. पण त्याचाही ओठ फाटलाय आणि त्याची कुठंच नोंद नाही.

ठाण्यात मला एवढंच सांगितलं की ११८(१) लागलंय, नॉन-बेलेबल आहे, उद्या रविवार, आता सोमवारीच बघा. हातात कागद एकही दिला नाही.

पण मला सगळ्यात जास्त घोर आहे तो त्याच्या गोळ्यांचा. त्याला फिट येतात. सहा वर्षं झाली, सकाळ-रात्र गोळी चालू आहे. मागच्या वर्षी दोन वेळा गोळी चुकली तर चालू मागाशेजारी पडला होता. मी डबा आणि गोळ्या घेऊन गेले. डबा आत घेतला, गोळ्या परत दिल्या, बाहेरचं औषध चालत नाही म्हणाले. पट्टी अजून माझ्या हातात आहे, सात गोळ्या उरल्यात, आणि आजची रात्रीची चुकली.

आई सूप मांडीवर घेऊन बसलीय. पान घेते, तंबाखू भरते, गुंडाळते आणि दोरा बांधायच्या आधी परत उलगडते. मी बघतेय, तासाभरात एक विडी झालेली नाही.

ओळखीतला एक माणूस येऊन गेला. तीस हजार द्या, कलम हलकं करून देतो, असं म्हणाला. आईने कानातलं काढून ठेवलंय. द्यावेत का? उद्या कोर्ट खरंच बंद असतं का? वकिलाला देण्याइतके पैसे नाहीत, तर काय करायचं? जागं कुणी असेल तर सांगा.

भीमाकाठ
ताई, मी आपल्याच जिल्ह्यात फौजदारी बाजूची वकिली करतो. पहिली गोष्ट, आईला कानातलं परत घालायला सांगा. कलम 'हलकं' करून देणारा माणूस नसतो. पुन्हा आला तर लाचलुचपतचा १०६४ नंबर आहे.

सोमवारी बघू, हे चालत नाही. अटकेपासून २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावंच लागतं. सुट्टीच्या दिवशीही एक मॅजिस्ट्रेट रिमांडसाठी, म्हणजे कोठडी द्यायची का ते ठरवायला, नेमलेले असतात. सातला नेलंय तर उद्या संध्याकाळी सातच्या आत. सकाळीच ठाणे अंमलदारांना विचारा, कोणत्या कोर्टात आणि किती वाजता. तिथं आधीच जाऊन थांबा.

गोळ्यांचं: डॉक्टरांची चिठ्ठी आणि पट्टी दोन्ही घ्या. अटकेतल्या माणसाची वैद्यकीय तपासणी करावीच लागते. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना फिटचं सांगायला तपास अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, एका प्रतीवर पोच घ्या. अर्ज घेतला नाही तर मॅजिस्ट्रेटसमोर तोंडी सांगा. भावालाही सांगा, साहेब विचारतील की पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का, तेव्हा ओठ आणि गोळ्या या दोन्ही गोष्टी बोल. तिथं गप्प राहू नकोस.

फी नाही म्हणून अडणार नाही. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आत्ता १५१०० वर फोन लावून ठेवा. उद्या कोर्टात वकील नसला तर भावाने फक्त 'मला सरकारी वकील द्या' न म्हणता 'मोफत विधी सहाय्याचा वकील द्या' म्हणावं. सरकारी वकील समोरच्या बाजूचा असतो. इथं पुष्कळ लोक फसतात.

११८(१) म्हणजे भारतीय न्याय संहितेतलं धोकादायक हत्याराने दुखापत केल्याचं कलम, त्याला कमाल शिक्षा तीन वर्षं आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलंय. नव्या कायद्यातही, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ३५ मध्ये आधी नोटीस देण्याची तरतूद आहे. अटक का गरजेची होती, हा मुद्दा तुमच्या वकिलाने रिमांडलाच मांडायला हवा. पोलीस पीसीआर (पोलीस कोठडी) मागतील तो बहुधा पाना जप्त करायला. पाना घरी असेल तर पुसू नका, लपवू नका, सरळ पंचांसमोर हजर करा. मग पोलीस कोठडीला कारणच उरत नाही. एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला की त्याच दिवशी जामिनाचा अर्ज टाकता येतो.

भावाने कोऱ्या कागदावर सही करू नये. आणि कृपा करून शेजाऱ्यांच्या दारात कुणी जाऊ नका, माफी मागायलासुद्धा. साक्षीदारावर दबाव आणला म्हणून तेच जामिनाच्या आड येतं.

गड्ड्यावरची
अक्का, माझ्या नवऱ्याच्या वेळी आम्ही जामिनाची ऑर्डर झाल्यावर जामीनदार शोधत बसलो आणि तो तीन दिवस उगाच आत राहिला. उद्यापासूनच माणूस बघून ठेव. आधार, रेशन कार्ड, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक, सगळ्याच्या झेरॉक्स आणि मूळ प्रती दोन्ही लागतात. कोर्टात आईला ने. काही बोलली नाही तरी चालेल, त्याला दिसू दे.

सुई-दोरा
डॉक्टर म्हणून एवढंच सांगते, फिटची गोळी अचानक बंद होणं धोक्याचं असतं. अर्जात हेच वाक्य घाला, आणि शेवटची फिट कधी आली ती तारीखसुद्धा.

धागाकर्ती (रविवार, रात्री नऊ)
सगळ्यांना हात जोडते. चारला हजर केलं. विधी सहाय्याच्या वकील बाई वेळेवर आल्या. पाना आम्ही सकाळीच ठाण्यात पंचांसमोर दिला होता. पोलिसांनी दोन दिवस मागितले, साहेबांनी पीसीआर दिला नाही, एमसीआर दिला. भावाने ओठाचं सांगितलं, गोळ्यांचं मात्र त्याला बोलताच येईना, तेव्हा आईच उठली आणि अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत बोलली. साहेबांनी ऐकून घेतलं. तुरुंगात औषध द्यावं असं लिहून दिलं. आजची गोळी त्याने माझ्यासमोर घेतली.

जामिनाचा अर्ज टाकलाय, उद्या सरकारी वकिलांचा से, म्हणजे त्यावरचं लेखी म्हणणं, येणार आहे. आमचे मामा जामीनदार व्हायला तयार आहेत, घर त्यांच्याच नावावर आहे, पण रेशन कार्डावर अजून जुना पत्ता आहे. घरपट्टीची पावती नव्या पत्त्याची आहे. एवढ्यावर चालेल का, की सकाळी आधी दुसरा माणूस बघू?