'डेट' म्हणजे तारीखच ना?

विश्रामबागवाला: काल आजीला सांगितलं, ताई डेटवर गेलीय. तांदूळ निवडता निवडता तिनं चष्म्यावरून बघितलं, "कोर्टात? वकील कोण दिलाय?" हसून लोळलो. पण खरंच, तारखेचा शब्द असल्या भेटीला कसा काय चिकटला?

मिरजकर: आजी फार चुकल्या नाहीत ओ. रोमन लोक पत्रावर 'दता' लिहायचे, म्हणजे अमुक गावी, अमुक दिवशी 'दिलेलं'. त्यावरून दिवस, मग ठरवलेला दिवस, मग ठरवलेली भेट. जोडीनं फिरायला जायचा अर्थ अमेरिकेतला. शिकागोचे पत्रकार जॉर्ज एड यांच्या १८९६ सालच्या लेखनात तो सापडतो.

कृष्णाकाठ: ते 'दता' आणि आपला 'दत्त' एकाच मुळाचे. संस्कृत 'दा', म्हणजे देणे. दत्तक त्यातलाच. आमच्या औदुंबरच्या देवाचं नाव डेटचं भावंड निघालं की!

मिरजकर: खजुराचं डेट वेगळं बरं का. ते ग्रीक 'दाक्तुलोस', म्हणजे बोट.

विश्रामबागवाला: आजीला दत्ताचं सांगितलं. म्हणाली, "मग गुरुवारी जायचं की तिनं. शनिवारी कशाला?"