'स्टोरी ड्रिफ्ट'ला मराठीत काय म्हणायचं? (भूकंप आणि हलक्या पार्टिशन भिंती)

अक्षरओळ: पत्र्याच्या स्टडवर (उभ्या पट्ट्यांवर) जिप्सम बोर्ड मारून ज्या आतल्या भिंती करतात त्यांचं भूकंपात काय होतं, यावर मराठीत माहितीपत्रक लिहितेय. 'स्टोरी ड्रिफ्ट'पाशी गाडं अडलंय. वाहणं, भरकटणं हे अर्थ इथे बसतच नाहीत. 'मजल्याचं विस्थापन' चालेल का? आणि पार्टिशनला 'पडदी' लिहू का, शब्द गोड आहे.

साईटवाला: ताई, विस्थापन नका लिहू, घोळ होईल. दहा मजली इमारतीचं छप्पर जमिनीच्या मानाने १५० मिमी सरकलं तर ते विस्थापन, पण चौथ्या मजल्यावरच्या भिंतीला त्या १५० शी काही देणंघेणं नसतं, तिच्या पायाखालचा स्लॅब आणि डोक्यावरचा स्लॅब यांच्यात किती फरक पडला एवढंच तिला भोगावं लागतं. तो फरक म्हणजे ड्रिफ्ट, आणि त्याला मजल्याच्या उंचीने भागलं की त्याचं प्रमाण. ३ मीटरच्या मजल्यात १५ मिमी फरक म्हणजे ०.५ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं पण भिंतीचा आयत तिरका होऊ बघतो आणि बोर्ड ताठ असतो, तो वाकडा व्हायला तयार नसतो, मग सांध्यावरची टेप फाटते, दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, स्क्रूभोवतीचं जिप्सम चुरडून भोक मोठं होतं. ड्रिफ्ट आणखी वाढला की बोर्डांचे कोपरे चेपतात. मी 'मजल्यांतली सरक' म्हणेन. गवंडी म्हणतात तसं 'ओळंब्यातून गेली' हेही जवळ जातं, पण ते कायमचं झुकण्याला वापरतात, इथे भिंत क्षणात इकडे क्षणात तिकडे होत असते.

मीनल_क: 'सरक' आवडला, पण पहिल्यांदा वापराल तिथे 'दोन मजल्यांमधली सापेक्ष सरक' असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं सरक चालेल.
पडदी मात्र नको! पडदी म्हटलं की अर्ध्या विटेची पातळ भिंत डोळ्यापुढे येते आणि भूकंपात तिची गोष्टच वेगळी. ती प्लास्टरसकट चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जाते, जिप्समची दोन्ही बाजूंनी बोर्ड लावलेली वीस-पंचवीस किलो. भूकंपाचा जोर वस्तुमानावर अवलंबून, त्यामुळे विटेची पडदी वरून नीट धरलेली नसेल तर आडवी कोसळून माणसाच्या अंगावर येते. दोन्हीला एकच शब्द वापरला तर वाचणाऱ्याला कोणती भिंत घातक हेच कळणार नाही.

अक्षरओळ: पटलं, पडदी रद्द. मग 'हलकी म्हणून भूकंपात सुरक्षित' असं लिहिलं तर?

साईटवाला: अर्धंच खरं. हलकेपणामुळे जोर कमी बसतो, पण सरक सोसायची ताकद वजन कमी केल्याने येत नाही, ती वरच्या जोडणीतून येते. बोर्ड स्लॅबला टेकवायचा नाही, फट ठेवून सीलंट भरायचं, आणि बोर्डाचा स्क्रू स्टडमध्येच मारायचा, वरच्या ट्रॅकमध्ये (स्लॅबला ठोकलेल्या पत्र्याच्या पन्हळीत) नाही, म्हणजे स्लॅब सरकला तरी भिंत ट्रॅकखाली सुटी राहते. एक स्क्रू चुकून ट्रॅकमध्ये गेला की तिथे भिंत स्लॅबला बांधली गेली.

मीनल_क: आणि 'नॉन-स्ट्रक्चरल'ला 'दुय्यम' लिहू नका, कळकळीने सांगते. अमेरिकेतल्या १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटलचा सांगाडा ठणठणीत राहिला होता, तरी पाण्याचे पाइप फुटले आणि पेशंट बाहेर काढावे लागले. 'सांगाड्याबाहेरचे भाग' लिहा, सरळ कळतं.

अक्षरओळ: आता वाक्य असं: 'मजल्यांतली सरक सोसता यावी म्हणून भिंतीचं वरचं टोक सुटं ठेवतात.' ठीक?

साईटवाला: ठीक, फक्त काटकोनात मिळणाऱ्या भिंतींचाही उल्लेख करा. एक भिंत ट्रॅकखाली सुटी असली तरी तिला आडवी जोडलेली दुसरी स्लॅबबरोबर ओढली जाते आणि कोपरा फाटतो, तिथे 'सुटं टोक' एवढ्याने भागत नाही, 'सुटा सांधा' हा वेगळा शब्द लागेल.