शब्दचर्चा : ओपन वर्ल्डला 'मोकळं जग' म्हणावं का? आणि क्वेस्टला विडा, कामगिरी की सुपारी?

खाडीकाठ (ठाणे) :
'एल्डर स्क्रोल्स ६' या व्हिडिओ गेमची घोषणा जून २०१८ मध्ये झाली. तेव्हा दाखवलेली झलक जेमतेम अर्ध्या मिनिटाची होती. 'विचर ४'ची झलक डिसेंबर २०२४ मध्ये आली आणि २०२६ संपायच्या आत खेळ येणार नाही, हे कंपनीनं नंतर सांगून टाकलं. वाट पाहायला वेळ भरपूर आहे. तेवढ्यात ठाणे-नवी मुंबईतल्या खेळणाऱ्यांसाठी शब्दसूची पक्की करू या. अट एकच : शब्द ऐकला की खेळातली क्रिया डोळ्यांसमोर आली पाहिजे. रोल-प्लेइंग गेमला 'भूमिकानिर्वाह क्रीडाप्रकार' असलं काही नको, ते कुणी तोंडानं म्हणत नाही.

पहिला शब्द ओपन वर्ल्ड. मुक्त विश्व, खुलं जग, मोकळं रान, तिन्ही कानावर येतात. कुठला घ्यायचा?

पामबीच (नेरूळ) :
तिन्हींच्या छटा वेगळ्या आहेत. 'मुक्त' म्हणजे कशातून तरी सुटलेलं : कर्जमुक्त, बंधमुक्त. 'खुलं' म्हणजे सगळ्यांना प्रवेश असलेलं : खुलं पत्र, खुली स्पर्धा. 'मोकळं' म्हणजे आत अडथळा नसलेलं : मोकळं मैदान, मोकळा रस्ता. ओपन वर्ल्डमध्ये आपल्याला तिसरी छटा हवी आहे. दिसतोय त्या डोंगरावर चालत जाता येतं आणि गोष्टी कुठल्या क्रमानं करायच्या ते खेळणारा ठरवतो. म्हणून माझं मत 'मोकळं जग'.

'मोकळं रान' टाळा. मराठीत 'गुंडांना मोकळं रान मिळालं' असं म्हणतात, त्यात कुणाचा धाक नसल्याची तक्रार आहे.

सोबत 'सलग' हा शब्दही सूचीत घ्या, कारण सगळी मोकळी जगं सलग नसतात. नेरूळहून जुईनगर, सानपाडा करत वाशीला चालत निघालात तर मध्ये कुठे दार लागत नाही. एक नोड (नवी मुंबईतला विभाग) संपून दुसरा कधी सुरू झाला ते पाटी वाचून कळतं. हे सलग. 'विचर ३'मध्ये वेलेन आणि नोविग्राड एका नकाशावर आहेत, पण स्केलिगेची बेटं वेगळ्या नकाशावर. तिकडे जाताना लोडिंग लागतं. 'स्कायरिम'मध्ये (एल्डर स्क्रोल्सचा पाचवा भाग) बाहेरचा मुलूख सलग, पण व्हाइटरनसारख्या तटबंदीच्या शहरात शिरताना वेशीवर लोडिंग. मोकळी दोन्ही, सलग वेगवेगळ्या प्रमाणात. नव्या खेळाच्या मुलाखतीत 'पूर्ण मोकळं जग' ऐकलं की पुढचा प्रश्न हाच विचारायचा : सलग किती?

येऊरची वाट (ठाणे) :
मोकळं जग मान्य. फँटसीला 'कल्पनारम्य' म्हणतात ते मला पटत नाही. कल्पना तर विज्ञानकथेतही असते. आपल्याकडे अद्भुत हा नवरसांपैकी एक, आणि १८६० नंतरच्या पहिल्या मराठी कादंबऱ्यांना वाङ्मयाच्या इतिहासात अद्भुतरम्यच म्हणतात : राजपुत्र, गुहा, शाप, मंतरलेल्या वस्तू. नेमका हाच ऐवज. 'अद्भुत' पुरे.

रोल-प्लेइंगचं काय करायचं? 'भूमिका घेणं' म्हटलं की आजच्या मराठीत एखाद्या वादात बाजू घेणं असा अर्थ होतो.

खाडीकाठ :
'भूमिका करणं' म्हटलं की तो घोटाळा उरत नाही. 'सोंग' हा जास्त जिवंत शब्द आहे. जव्हार-मोखाड्याकडे, जो भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, बोहाड्यात मुखवटे चढवून सोंगं नाचवतात. सोंग घेतलं की त्या पात्राची चालसुद्धा घ्यावी लागते. रोल-प्लेइंगचा अर्थ तोच. पण रोजच्या बोलण्यात सोंगाला ढोंगाचा वास आहे, 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही'. म्हणून प्रकाराचं नाव 'भूमिकेचा खेळ' ठेवू आणि पात्र निवडण्याच्या क्रियेला 'सोंग घेणं' म्हणू : 'मी तिरंदाजाचं सोंग घेतलंय.'

कट्यार (कळवा) :
आता क्वेस्ट. 'शोध' हे भाषांतर शब्दकोशातून उचललेलं दिसतं. खेळातल्या बहुतेक क्वेस्टमध्ये शोधायचं काही नसतंच : निरोप पोचवा, लांडगे मारा, कुणाला तरी गावापर्यंत सोबत करा. मराठीत यासाठी तीन शब्द तयार आहेत आणि ते तीन वेगळ्या गोष्टींना बसतात.

'कामगिरी' वरून सोपवली जाते. राजानं, संघटनेनं किंवा कथेनं दिलेली. मुख्य कथानकाच्या क्वेस्टला कामगिरी म्हणा. ती नाकारता येत नाही, फार तर लांबणीवर टाकता येते.

'विडा' आपण होऊन उचलायचा. दरबारात तबकात विडा ठेवायचा, कामाचं नाव घ्यायचं, आणि ज्याची छाती असेल त्यानं पुढे येऊन तो उचलायचा. विजापूरच्या दरबारात अफजलखानानं विडा उचलला ती हकिगत सगळ्यांना माहीत आहे. मुख्य कथेबाहेरची साइड क्वेस्ट म्हणजे हेच. कुणीतरी अडचण सांगतं, पडद्यावर 'स्वीकारता का?' येतं, तुम्ही हो म्हणता. 'विडा उचलला' यात स्वीकाराची क्रिया दिसते. 'उपमोहीम'मध्ये ती दिसत नाही.

तिसरा शब्द 'सुपारी', आणि यावर आक्षेप येईल हे धरूनच लिहितो. 'विचर ३'मध्ये गावच्या फळ्यावर राक्षस मारायच्या कामाचा कागद लावलेला असतो. तो घ्यायचा, काम देणाऱ्याला भेटायचं, मोबदल्यावर घासाघीस करायची. आकडा फार ताणला की समोरच्याच्या वैतागाची पट्टी भरत जाते आणि ती पूर्ण भरली की तो बोलणं तोडतो. पैसे ठरवून जीव घेण्याचं काम म्हणजे मुंबईच्या मराठीत सुपारी. पण शब्द गुंडांचा नाही. तमाशाच्या फडाला, बँडवाल्यांना कार्यक्रम ठरवताना देतात तीही सुपारीच. ठरलेल्या कामाचा करार हा तिचा मूळ अर्थ इथे पूर्ण बसतो.

पामबीच :
कट्यार, सुपारीवर आक्षेप नाही, पण एक भेद नोंदवा. 'स्कायरिम'मध्ये यंत्रच तयार करतं अशा न संपणाऱ्या क्वेस्ट आहेत : अमक्या गुहेतला म्होरक्या मारा, परत या, पुन्हा दुसरी गुहा. त्यांना विडाही शोभत नाही, सुपारीही नाही. साधं 'काम' म्हणा. 'आज पाच कामं उरकली.' नव्या खेळात शेकडो क्वेस्ट असल्याची जाहिरात होते, तेव्हा त्यात विडे किती आणि कामं किती हे वेगळं मोजता आलं पाहिजे.

येऊरची वाट :
ग्राइंडिंगसाठी 'घासणं' आधीच रुळलंय, परीक्षेला बसणाऱ्या 'घासू'मुळे. अर्थ तंतोतंत : एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून आकडा वाढवणं. 'स्कायरिम' २०११ च्या नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा लोहारकाम वाढवायला लोक लोखंडी सुऱ्यांचा ढीग घालत. एका सुरीला एक लोखंडी लगड आणि चामड्याची एक पट्टी, आणि वस्तू स्वस्त असो की महाग, शिकण्याची बढती सारखीच. पुढच्या एका डागडुजीत ती बढती वस्तूच्या किमतीशी जोडली आणि सुऱ्या घासण्याचा फायदा गेला.

खाडीकाठ :
खेळातल्या चुका सुधारणाऱ्या पॅचसाठी 'डागडुजी' हा छान शब्द निघाला. 'ठिगळ' माझ्या डोक्यात होता, पण ठिगळात फाटलेलं झाकण्याचा भाव आहे. डागडुजीत घर आपलंच राहतं, गळती बंद होते.

लूट हा तर आपलाच शब्द, इंग्रजीनं इकडून नेलेला. तोच ठेवायचा. पेटीत सापडतो तो 'ऐवज'. आणि चोरलेल्या वस्तूंसाठी दोन शब्द लागतील. 'स्कायरिम'मध्ये चोरीवर तशी खूण लागते आणि साधा दुकानदार ती घेत नाही, तोवर तो 'चोरीचा माल'. पकडले जाऊन तुरुंगात गेलात की तो जप्त होऊन पुराव्याच्या पेटीत जातो, तेव्हा तो 'मुद्देमाल'. पोलिसांच्या पंचनाम्यातला हा शब्द दुसऱ्या कशाला लावू नका.

कट्यार :
अंगच्या गुणांकडे या. १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून सहा गुण चालत आलेत. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. बुद्धी आणि शहाणपण वेगळे ठेवले हे मराठीला नवं नाही, 'हुशार आहे पण शहाणा नाही' आपण रोज म्हणतो. करिश्म्याला 'छाप', कारण छाप समोरच्यावर पडते.

स्टॅमिनाला 'दम'. दम लागतो, दम खायचा असतो, दम संपतो. ढालीवर वार झेलला की दम खर्च होतो, पट्टी रिकामी झाली की ढाल निसटते. वाक्य आपसूक तयार होतं.

वजनासाठी 'पेलणं'. 'स्कायरिम'मध्ये सुरुवातीला ३०० पेलतं. पातळी वाढताना दम निवडला तर दर वेळी ५ ची भर. त्यावर गेलात की पळता येत नाही आणि पायी असताना नकाशावरून थेट जाण्याचा झटपट प्रवासही बंद. 'एल्डन रिंग'मध्ये हिशेब वेगळा. तिथे अंगावर चढवलेल्या चिलखत-हत्यारांचंच वजन धरतात, पिशवीतलं नाही. पेलण्याच्या ३०% च्या आत असाल तर कोलांटी हलकी, ७०% च्या आत मध्यम, त्यावर जड. नवखे नेमके इथे चुकतात : जाड चिलखत घालून ७१% वर जातात आणि वार चुकवता येत नाही म्हणून हाताला दोष देतात. एक शिरस्त्राण उतरवलं तरी काम होतं. म्हणून 'ओझं' आणि 'चढवलेला भार' असे दोन शब्द सूचीत वेगळे लिहा.

हत्यारांना सरसकट तलवार नको. सरळ लांब पात्याची धोप, वाकड्या पात्याची समशेर, युरोपातून आलेल्या पात्याची फिरंग, गदेसारखं गुर्ज. दोरी बांधलेला भाला फेकून परत ओढतात तो विटा. आपल्याकडे नावं आहेत, ती वापरात आणू या.

पामबीच :
झटपट प्रवासाच्या जागेला 'थांबा' सुचवते. 'विचर ३'मध्ये प्रवास दिशादर्शक पाटीपाशी उभं राहूनच सुरू होतो, दुसऱ्या पाटीपाशी संपतो. ठाणे-वाशी लोकलसारखं : रबाळ्याला चढा, तुर्भ्याला उतरा, मध्ये उडी नाही. 'स्कायरिम'मध्ये पाहिलेल्या कुठल्याही ठिकाणी नकाशावरून जाता येतं, तिथे थांबा म्हणू नये. घड्याळ मात्र पुढे सरकतं.

येऊरची वाट :
वाट पाहण्याचे शब्द राहिले, खरं तर तेच आत्ता लागणार आहेत.

रिलीज डेटसाठी 'तारीख पडली' म्हणू नका. कोर्टात तारीख पडते म्हणजे काम पुढे गेलं. 'तारीख जाहीर झाली' आणि 'लांबणीवर पडला' असे दोन सरळ प्रयोग ठेवा. 'गोन गोल्ड'चं 'सोनं झालं' करणारे दिसतात, ते चुकीचं आहे. मूळ प्रत ज्या तबकडीवर उतरवत तिचा रंग सोनेरी, एवढाच संबंध. 'मूळ प्रत तयार' म्हणा. आणि त्यानं तारीख पक्की होते असंही नाही. 'सायबरपंक २०७७'ची मूळ प्रत ऑक्टोबर २०२० च्या सुरुवातीला तयार होती, तरी त्याच महिन्यात तो १९ नोव्हेंबरवरून १० डिसेंबरला ढकलला.

प्री-ऑर्डरला 'विसार' कसा वाटतो? घोडबंदर रोडला फ्लॅट ठरवताना देतात तसा.

खाडीकाठ :
विसार म्हणजे रकमेचा भाग, उरलेले व्यवहाराच्या वेळी. दुकानात ५०० रुपये ठेवून डबा राखला तर विसार. स्टीम या ऑनलाइन दुकानात पूर्ण रक्कम आधीच जाते, ती 'आगाऊ खरेदी'. तिथे खेळ येईपर्यंत कधीही पैसे परत मागता येतात. आल्यावर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. पात्राचा चेहरा घडवण्यात गेलेला वेळही त्या २ तासांत धरला जातो, म्हणून आधी खेळ नीट चालतोय का ते पाहा, नाक-डोळे नंतर.

कट्यार :
त्यासाठी तक्रारीचे शब्द नेमके हवेत. सगळ्याला 'लॅग' म्हणतात. बटण दाबल्यावर हात उशिरा हलला तर तो लॅग. चित्र क्षणभर थबकून पुढे सरकलं तर 'गचका'. सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम) म्हणजे एका चौकटीला साधारण १६.७ मिलिसेकंद. एखादीच १०० मिलिसेकंद घेते तेव्हा त्या सेकंदाची सरासरी ५५ दिसते, पण डोळ्याला गचका कळतोच. नवा जादूचा प्रयोग पहिल्यांदा दिसला की ग्राफिक्स कार्डासाठी त्याचा शेडर (ते चित्र कसं रंगवायचं ते सांगणारा छोटा प्रोग्रॅम) तयार करावा लागतो, त्यात हा वेळ जातो. 'विचर ४' अनरियल इंजिन ५ वर आहे आणि त्या इंजिनावरच्या बऱ्याच खेळांत हीच तक्रार होती. सुरुवातीला शेडर तयार होण्याची पट्टी आली तर ती मध्येच तोडू नका. ड्रायव्हर बदलला की ती पुन्हा येते, तेव्हाही नाही. आणि भिंत आधी मातीच्या लगद्यासारखी दिसून मग दगड उमटले, तर तो गचका नाही, 'पोत उशिरा चढला'. खेळ जुन्या फिरत्या डिस्कवर असला की हे हमखास होतं, एसएसडीवर हलवा.

पामबीच :
पोत! कापडाचा आणि जमिनीचा शब्द, टेक्स्चरला इतका नेमका बसेल असं वाटलं नव्हतं. सूचीत घेतला.

विड्याचं व्याकरण एकदा लिहून ठेवा, म्हणजे गोंधळ नको. एक विडा, अनेक विडे. विडा उचलणं, विडा पुरा करणं, विडा सोडून देणं. यादीत दिसेल ते असं : 'हाती असलेले विडे – ३'.

खाडीकाठ :
'पुरा'ऐवजी 'तडीस नेणं' घालतो. बाकी तसंच.