टॅलिलिन रेल्वे गरिबीमुळे वाचली का?

कपाशीचं बोंड: वेल्समधली टॅलिलिन रेल्वे आज धावते ती गरिबीमुळे, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत यादवी पेटली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस आटला. त्याच वर्षांत आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता! तिकडे मॅकॉनेल या गिरणीमालक घराण्याने पैसा ब्रिन एग्लुइसच्या स्लेटच्या (छपरांवर घालायच्या पाटीच्या दगडाच्या) खाणीत घातला आणि माल खाली आणायला दोन रुळांत सव्वादोन फूट अंतर ठेवून मार्ग टाकला, त्यासाठी 1865 चा कायदाही करवला. 1866 मध्ये सरकारी तपासनीस कॅप्टन टायलर आले, तर पुलांखाली डबा आणि भिंत यांच्यात अंतरच पुरेना. कंपनीने पूल पाडले नाहीत. डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद केली आणि पुलाखालचे रूळ त्याच बंद अंगाला सरकवले, म्हणजे उघड्या दारांच्या बाजूला जागा मिळाली. आजही चढउतार एकाच बाजूने होते. दोन इंजिनं, चार डबे, गार्डचा एक डबा. 1950 पर्यंत संसार तेवढाच. पैसा असता तर हे सगळं कधीच मोडीत निघालं असतं.

सिग्नलचा हात: नाही पटत. शेजारची कॉरिस रेल्वे बघा. तेच सव्वादोन फूट, तीच स्लेट, तीच ओढाताण. ती 1930 मध्ये ग्रेट वेस्टर्न या बड्या रेल्वे कंपनीने घेतली, तिच्याबरोबर राष्ट्रीयीकरणात गेली आणि 1948 मध्ये बंद पडली. टॅलिलिन राष्ट्रीयीकरणाच्या यादीत आलीच नाही. गरीब दोघीही होत्या, फरक मालकीचा पडला.

डोंगरवाट: अहो, मालकी म्हणजे शेवटी माणूसच ना? 1911 पासून मालक होते सर हेन्री हेडन जोन्स. 1946 च्या डिसेंबरात खाण ढासळली, धंदा संपला. तरी ‘मी आहे तोवर गाडी चालेल’ हा शब्द त्यांनी 1950 मध्ये मरेपर्यंत तोट्यात पाळला. आणि त्या खाणीत राबलेल्या मजुरांचं नाव तुम्ही दोघांनीही काढलं नाही, हे मला खटकतं.

कपाशीचं बोंड: मजुरांचं राहिलं, चूक माझी. कॉरिसचा मुद्दाही मान्य. पण मे 1951 मध्ये हौशी लोकांनी फुकट राबून गाडी चालवायला घेतली, ती इतकी साधी होती म्हणूनच त्यांच्या आवाक्यात आली. यावर मी ठाम आहे.

सिग्नलचा हात: साधी होती, पण मोडकळीलाही आली होती. त्याच वर्षी कॉरिसची दोन इंजिनं आणावी लागली. रुळांची रुंदी जुळली म्हणून निभावलं. त्यातल्या एकाचं नाव ‘सर हेडन’ ठेवलं.