गिरणगाव दर्शन, एक दिवस, थाळीसकट: हे असंच चालू द्यायचं का?

डिलाईलरोडवाला

गिरणगावाच्या, म्हणजे मुंबईतल्या जुन्या कापड गिरण्यांच्या वस्तीच्या, दिवसभराच्या ज्या फेऱ्या हल्ली निघतात, त्या आहेत त्या स्वरूपात बंद झालेल्या बऱ्या, असं माझं मत. शिव्या घालायच्या तर घाला, पण आधी पूर्ण वाचा.

पुण्याच्या मेव्हण्याला घेऊन अशाच एका फेरीला गेलो होतो. सकाळी भायखळा, मग काळाचौकी, लालबाग, चिंचपोकळी, दुपारी मालवणी थाळी आणि शेवट लोअर परळला. माहिती देणारा मुलगा तयारीचा होता. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली, १८५६ मध्ये ताडदेवला पहिली गिरणी सुरू झाली, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव भडकले आणि मुंबईत पैसा खेळू लागला, सगळं बिनचूक. मग १८ जानेवारी १९८२, कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगारांचा संप. आणि तिथून जी उडी मारली ती थेट फिनिक्स मिलच्या जागी झालेल्या मॉलमधल्या, गिरणीच्या धुराच्या चिमणीपाशी. 'ही बघा, जपलीय.' सगळ्यांनी फोटो काढले.

अहो, मधलं काय? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ सांगत होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली: वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून जी जागा निघेल ती वाटणीत धरायचीच नाही. गिरणी म्हणजे सगळी शेडच की हो! मोकळं असतं किती? हायकोर्टाने २००५ मध्ये ही पळवाट अडवली, सुप्रीम कोर्टाने मार्च २००६ मध्ये हायकोर्टाचा निकाल फिरवला. एकूण जमीन सुमारे ६०० एकर. हे एका वाक्यानेही न सांगता मॉलच्या दारात उभं राहून गिरणगाव दाखवायचं?

आणि चाळ. वीसेक माणसं गॅलरीतून रांगेने चालली होती. एक आजी दारात मेथी निवडत बसल्या होत्या. कुणीतरी न विचारता मोबाईल समोर धरला. आजींनी ताट उचललं, आत गेल्या आणि दार लोटलं. त्यावर 'टिपिकल चाळ कल्चर' असा शेरा आला. मी तिथूनच परत फिरणार होतो, मेव्हण्यामुळे थांबलो.

तिसरी_पाळी

साफ असहमत.

वडील रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. अजून त्याच चाळीत आहोत. तुम्हाला फोटो खटकला, ठीक, आम्हालाही खटकतो. त्यावर आमच्या मंडळाने सरळ तोडगा काढला: आधी कळवायचं, पंधराच्या वर माणसं आणायची नाहीत, दुपारी दोन ते चार कुणी यायचं नाही, आणि मंडळाला वर्गणी द्यायची. ज्या खोल्यांनी हो म्हटलंय तिथेच थांबायचं. बाकीचे पडदा ओढून घेतात, संपला विषय.

बंद करा म्हणणारे बहुतेक इथून कधीच कांदिवली-डोंबिवलीला गेलेले असतात. (तुमच्याबद्दल म्हणत नाहीये, पण नावात डिलाईल रोड आहे म्हणून विचारतो, सध्या मुक्काम कुठे?) लोक आले तर खानावळीत चार ताटं जास्त जातात. चिमणीशी फोटो काढतात तर काढू दे. त्यातला एखादा तरी घरी जाऊन काहीतरी वाचेल.

डिलाईलरोडवाला

@तिसरी_पाळी, मुक्काम बदलापूर. २००४ पासून. का ते सांगायला नको.

रोखठोक६२

सगळे गळे काढतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. गिरण्या संपावर गेल्या नसत्या तरी मेल्याच असत्या. यंत्रं जुनाट, भिवंडीचे पॉवरलूम स्वस्त, शहराच्या मध्यात कापड विणणं जगात कुणालाच परवडलेलं नाही. संपाने ते दोन-चार वर्षं आधी झालं एवढंच. आज त्याच जागेवर बँका, स्टुडिओ, आयटीवाले आहेत, हजारो पोरं नोकरी करतात, मराठीसुद्धा. पर्यटकाला हसतमुखाने चिमणी दाखवली तर कुणाच्या पोटात का दुखावं? प्रत्येक फेरीचा मोर्चा केलाच पाहिजे का?

अवांतर: तो संप अधिकृतपणे अजून मागे घेतलेला नाही. हे फेरीत सांगा, लोकांना मजा वाटेल.

नकाशेवाली

@रोखठोक६२, गिरण्या मेल्या असत्या, मान्य. पण गिरणी बंद पडणं आणि जमिनीचं असं वाटप होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही त्या एकाच पिशवीत घालताय. पहिली बाजाराने केली. दुसरी मंत्रालयात कागदावर झाली.

त्याचा हिशेब रस्त्यावर दिसतो. कामगारांसाठी आखलेल्या गल्ल्या आणि पूल तेच राहिले, वर कचेऱ्यांचे मनोरे आले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्याच वर्षी डिसेंबरात कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागून १४. मोकळी जागा आणि रुंद रस्ते मिळाले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न फेरीतल्या माणसाला त्या पुलावर उभं करूनच विचारायला हवा. मोर्चा म्हणायचं तर म्हणा.

जाता जाता, एक जागा कुठल्याच फेरीत नसते: दादरची इंदू मिल, म्हणजे इंडिया युनायटेडची क्रमांक ६. चैत्यभूमीला लागून. लोकांनी रेटा लावला म्हणून तिथे बाबासाहेबांचं स्मारक होतंय. गिरणीच्या जमिनीचं टॉवरशिवाय दुसरं काही होऊ शकतं याचं एवढं ढळढळीत उदाहरण गावात असताना लोकांना मॉलमधल्या बोलिंग ॲलीच्या गोष्टी कसल्या सांगता?

पायपीट

मी अशा फेऱ्या घेतो. (धाग्यातली ती फेरी माझी नव्हे.) थोडं आमचंही ऐका.

पहिली अडचण, दाखवायचं काय? साचे (कापड विणायचे माग) भंगारात गेले, बॉयलर गेले. ज्या गिरण्यांच्या भिंती उभ्या आहेत तिथे गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड २-३ मध्ये पालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय होणार, हे वर्षानुवर्षं ऐकतोय. मग राहतात चिमण्या. बाहेरून जमेल तेवढं मी दाखवतो: करवतीच्या दात्यांसारखी छपरं आणि त्यांना उत्तरेच्या अंगाला काचा, म्हणजे खात्यात उजेड येईल पण ऊन थेट साच्यावर पडणार नाही. आत हवा मुद्दाम दमट ठेवत, कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून. त्या दमट गरमीत कापसाची पूस छातीत ओढत पाळी काढायची. हे मी मॉलच्या एसीतच सांगतो, मुद्दाम. लोक गप्प होतात.

दुसरी अडचण, नियम ५८. मी सांगतो. दोन वाजता, थाळी झाल्यावर. निम्मे पेंगतात. मग एकाने अभिप्राय लिहिला, 'गाईड फार राजकीय बोलतो.' पोट माझंही आहे.

आणि खानावळ म्हणजे निव्वळ पोटपूजा नाही हो. कोकणातून, घाटावरून आलेले गडी एका खोलीत दहा-बारा राहायचे, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे. त्यांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या बायांवर हे शहर चाललं. गिरणीचा पगार अडला की आधी त्यांची उधारी अडायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये याच बायांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. थाळीच्या आधी मी हे सांगतो, आणि ते मात्र सगळे ऐकतात.

नायगावकर

@पायपीट, चांगलं करताय. पण एक विचारतो. विणखात्यातली जात सांगता का?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावं लागे. प्रत्येक कांडीला. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडी, म्हणून विटाळाचं कारण पुढे करून दलितांना विणखात्यात शिरू देत नसत. पगार जास्त तिथेच. बाकीच्यांनी रिंगखात्यात नाहीतर झाडलोटीत राबायचं. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. आमच्या आजोबांना मरेपर्यंत साच्यावर हात ठेवू दिला नाही. 'सगळे कामगार एक' हे पोवाड्यात छान वाटतं. एक होते, संपात. खात्यात नव्हते. पाणी प्यायलाही नव्हते.

फेऱ्या बंद कशाला करायच्या? पण चाळीतला एकोपा आणि गणपती एवढंच ऐकवायचं असेल तर मला त्यात रस नाही.

तिसरी_पाळी

@नायगावकर +१. हे आमच्याकडे मोठी माणसंसुद्धा बोलत नाहीत.

मेरिमॅककाठ

बॉस्टनजवळ राहते म्हणून लिहिते. इथलं लॉवेल हेही गिरण्यांचंच गाव, तेही असंच बसलं. १९७८ मध्ये तिथल्या गिरण्या, कालवे, कामगार मुलींची वसतिगृहं मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान केलं. बूट मिलच्या तळमजल्यावर जुने साचे आजही चालवून दाखवतात. आत शिरताना कानात घालायला बोळे देतात. सगळे साचे एकदम चालूही नसतात, तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि पायाखालची फळी थरथरते. वडील लालबागला होते. ते घरीही ओरडून का बोलायचे ते मला तिथे कळलं.

मुंबईत हे का झालं नाही? पैसा नव्हता म्हणू नका. २००५ मध्ये एकट्या मुंबई टेक्सटाइल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली. त्यातून एक शेड आणि वीस साचे वाचले नसते का?

रोखठोक६२

लॉवेलला जमिनीचा भाव काय आणि लोअर परळला काय, काकू. तिथे कुणाला नको होती म्हणून उद्यान झालं.

मेरिमॅककाठ

हो, म्हणूनच तर इथे आधी कायदा हवा होता. आणि काकू कुणाला म्हणता?

सिद्धेश्वर_पेठ

सोलापूरकर म्हणून एक. तुमच्याकडे फेरी काढायला माणसं तरी येतात. आमच्या जुन्या मिलने हजारो घरं पोसली, १९३० मध्ये मार्शल लॉ लागला तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत गिरणी कामगार होते, पुढे चौघे फासावर गेले. बाहेरचा माणूस सोलापुरात येतो, चादर घेतो आणि तुळजापूरची गाडी पकडतो. मुंबईकरांनो, भांडा, पण तुमच्याकडे भांडायला काहीतरी आहे एवढं ध्यानात असू द्या.

डिलाईलरोडवाला

सगळे प्रतिसाद वाचले. माझं मत फारसं हललेलं नाही. नायगावकर आणि नकाशेवाली जे सांगतायत ते फेरीत येत नाही, आणि येणारही नाही, कारण पैसे देणाऱ्याला ते नकोय. पायपीट स्वतःच सांगतायत, अभिप्राय पडतो. गिऱ्हाईकाच्या मर्जीने सांगितलेला इतिहास चिमणीपाशीच संपणार.

आणि इतिहास कसला? घरांसाठी अर्ज केलेले कामगार नि वारस पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत जेमतेम सात हजार घरं निघाली. आता म्हणतात मुंबईबाहेर शेलूला जा, वांगणीला जा. ज्यांचं प्रकरण अजून चालू आहे त्यांची वारसा फेरी काढायची हा काय प्रकार आहे?

संपाचा दोष द्यायचाच तर सामंतांच्या जागी मालकांना बसवून बघा म्हणावं, किंवा एकच संघटना मान्यताप्राप्त ठरवणाऱ्या १९४६ च्या कायद्याला. तो कायदा हटवा ही संपाची एक मुख्य मागणी होती. फेरीत त्याचं नावही नाही.

पायपीट

प्रकरण चालू आहे म्हणूनच लोकांनी तिथे यायला नको का? मोर्चे आझाद मैदानात होतात, ते टीव्हीवर दोन मिनिटं दिसतात. माझ्यासोबत माणूस सात तास असतो.

एक करून बघायचं आहे. शेवटचा तासभर मी बोलणार नाही. विणखात्यातले, रिंगखात्यातले, वाइंडिंगमधल्या बाया, ज्यांना बोलायचंय त्यांनी बोलावं. १९२०-३० च्या सुमाराला गिरणीत पाचातली साधारण एक कामगार बाई होती, पुढे ती हळूहळू बाहेर ढकलली गेली, हे तरी कुणीतरी बाईनेच सांगितलेलं बरं. संपानंतर घर चालवलेल्या कुणी असतील तर फारच उत्तम. @तिसरी_पाळी, वडील येतील का?

तिसरी_पाळी

गुडघे गेलेत, चालणार नाहीत. नाक्यावर खुर्ची टाकली तर बसतील, आणि एकदा सुरू झाले की तासाभरात आटोपणार नाहीत. पण शाल-श्रीफळ नको. तुम्ही एका माणसामागे जे घेता त्यातला ठरलेला हिस्सा, रोख, त्याच दिवशी. बदली कामगार म्हणून उभी हयात गेटवर 'उद्या या' ऐकलंय त्यांनी.

पायपीट

कबूल. रविवारचं विचारून सांगा.

रोखठोक६२

मलाही यायचंय. सूट आहे का?

तिसरी_पाळी

तुम्हाला दुप्पट.